तेरा दिवस

२०२५ साली गौरी-गणपती मंगळवारी गेले आणि बुधवारी रात्री जीएसटी कौन्सिलची बातमी आली. मी मखराचे पुठ्ठे सोडवत बसले होते. नवरा टीव्हीसमोरून ओरडला, "अगं, मेडिक्लेमवरचा टॅक्स गेला! अठरा टक्क्यांवरून एकदम शून्य!"

मी हातातली टाचणी डबीत टाकली आणि विचारलं, "कधीपासून?"

हा प्रश्न मी हल्ली सवयीनेच विचारते. सूट मिळाली, मर्यादा वाढली, अट शिथिल झाली, असं काहीही कानावर आलं की आधी तारीख. आनंद झालाच तर तो नंतर.

"बावीस सप्टेंबर. घटस्थापनेपासून."

आईच्या पॉलिसीचं रिन्यूअल नऊ सप्टेंबरला होतं.

आई एकोणऐंशी वर्षांची आहे. पाच लाखांचं कव्हर, हप्ता अडुसष्ट हजार दोनशे. त्यावर अठरा टक्क्यांनी बारा हजार दोनशे शहात्तर रुपये. म्हणजे आईच्या चार महिन्यांच्या गोळ्या. वार्षिक हप्ता चुकला तर कंपनी तीस दिवसांची सवलत देते, त्याला ग्रेस पिरियड म्हणतात. त्या मुदतीत पैसे भरले की पॉलिसी तुटत नाही, जुने फायदे तसेच राहतात. फक्त मधल्या दिवसांत काही झालं तर कंपनी बांधील नाही.

मधले दिवस किती? मी कॅलेंडरवर बोट ठेवून मोजले. तेरा. आणि ते तेराही दिवस पितृपक्षात. मराठी घरात तेरा दिवस असे उगीच कोणी मोजत नाही. मी कॅलेंडरचं पान सोडून दिलं, ते भिंतीवर आपटलं.

*

आमच्याकडे मेडिक्लेमची एक फाइल आहे. निळ्या पुठ्ठ्याची, कडा कुरतडल्यासारख्या झालेली. बाबांनी ती १९८८ साली सुरू केली. सरकारी विमा कंपन्यांनी मेडिक्लेम नावाची पॉलिसी १९८६ मध्ये आणली होती आणि आमच्या गिरगावच्या चाळीत, दुसऱ्या मजल्यावर, एक एजंट काका राहायचे. बाबा फोर्टात एका शिपिंग कंपनीत हेडक्लार्क. दोघं सकाळी नळावर भेटायचे. आयुर्विमा सगळ्यांनाच ठाऊक होता, पण आजारी पडण्याचा विमा म्हणजे काय ते चाळीला कळेना. एक आजी म्हणाल्याचं आई अजून सांगते, "आजारपणाचे पैसे आधीच भरायचे म्हणजे त्याला आमंत्रणच की रे!" बाबांनी तरीही घेतला. पहिली पावती चारशे आणि काही रुपयांची आहे. शाई इतकी उडालीय की शेवटचे दोन आकडे लागत नाहीत.

प्रत्येक पावतीच्या उजव्या कोपऱ्यात पेन्सिलीने साल आणि रक्कम. आधी बाबांच्या अक्षरात, २०१४ नंतर आईच्या. पावत्या आता ईमेलवर येतात, पण आई प्रिंट मागते, पंचने भोकं पाडते, पेन्सिलीने आकडा लिहिते आणि लावते. ती फाइल चाळली की आमच्या घराचा इतिहास कळतो. कुठल्या वर्षी माझं नाव गळलं (लग्न), कुठल्या वर्षी पत्ता गिरगावचा मुलुंड पूर्व झाला, कुठल्या वर्षी दोन नावांचं एकच नाव उरलं.

त्या इतिहासात मी अलीकडे एक वेगळीच गोष्ट वाचायला लागलेय. नियम बदलतात ते एका तारखेला. माणूस आजारी पडतो ते त्याच्या तारखेला. या दोन तारखांची आणि आमची गाठ बहुतेक वेळा चुकीच्या बाजूला पडलेली आहे.

बाबांची अँजिओप्लास्टी जुलै २०१० मधली. मुंबईकरांना तो महिना आठवत असेल. १ जुलैपासून चारही सरकारी विमा कंपन्यांनी शहरातल्या कित्येक मोठ्या हॉस्पिटलांची कॅशलेस सोय, म्हणजे बिल कंपनीनेच परस्पर भरायची सोय, काढून घेतली होती. कंपन्यांचं म्हणणं, मेडिक्लेमवाला पेशंट दिसला की बिल फुगवतात. हॉस्पिटलांचं म्हणणं, तुमच्या दरात आम्हाला परवडत नाही. दोघंही आपापल्या जागी थोडेफार खरे असतील. बाबा छातीत कळ घेऊन व्हीलचेअरवर होते आणि काउंटरवरची मुलगी शांतपणे सांगत होती, "काका, तुमची पॉलिसी चालू आहे, पण कॅशलेस बंद आहे. डिपॉझिट भरा, मागून क्लेम करा." बावीस वर्षं एकही क्लेम न केलेल्या माणसाला हे ऐकायला लागलं. एफडी मोडली, भावाने थोडे दिले, आईच्या पाटल्या सोनाराकडे गेल्या. पैसे परत आले, नाही असं नाही. तीन महिन्यांनी आले. पाटल्याही परत आल्या, पण त्यानंतर आईने त्या हातात घातल्या नाहीत. "लागतील कधी," म्हणत डब्यात ठेवल्या.

दुसरी तारीख फेब्रुवारी २०२०. आई बाथरूममध्ये पडली, खुब्याचं हाड मोडलं. पॉलिसी तीन लाखांची, आणि खोलीच्या भाड्याला एक टक्क्याची मर्यादा, म्हणजे दिवसाला तीन हजार. त्या दिवशी शेअरिंगची एकही खोली रिकामी नव्हती. सहा हजारांची होती. मी म्हटलं, जाऊ दे, वरचे तीन हजार रोजचे आपण भरू, पाच दिवसांचे पंधरा हजार होतील.

हिशेब असा नसतो हे मला डिस्चार्जच्या दिवशी कळलं. तुम्ही पात्रतेच्या दुप्पट भाड्याची खोली घेतलीत ना, मग सर्जनची फी निम्मी, ऑपरेशन थिएटर निम्मं, भूलतज्ज्ञ निम्मा, सगळंच निम्मं. हॉस्पिटलचे दरच खोलीच्या वर्गावर ठरतात, असं त्यामागचं तर्कशास्त्र. डॉक्टर तोच, चाकू तोच, पण खोलीला खिडकी असली की टाका महाग पडतो. बिल दोन लाख शहाऐंशी हजार, कंपनीने दिले एक लाख एकतीस. आईच्या खुब्यात बसवलेला धातूचा तुकडासुद्धा निम्म्यात कापला. तो तुकडा काय खोली बघून महाग होतो?

बहुधा हाच प्रश्न विमा नियामकालाही पडला असावा, कारण त्याच वर्षी आयआरडीएआयने नियम केला, की औषधं, इम्प्लांट आणि तपासण्या या प्रमाणशीर कपातीत धरायच्या नाहीत. लागू झाला तो ऑक्टोबर २०२० पासून, तोही आधी नव्या पॉलिसींना.

पुढच्या वर्षी कंपनीने बाबांनी घेतलेली ती जुनी पॉलिसीच बंद केली. पत्र आलं, की आपल्याला अधिक चांगल्या योजनेत सामावून घेत आहोत. अधिक चांगली म्हणजे पाच लाखांची, आणि हप्ता तेवीस हजारांचा पस्तीस हजार. एजंट काका आता नाहीत, त्यांचा मुलगा बघतो. त्याने समजावलं ते मला पटलं, म्हणून लिहिते. जुन्या पॉलिसीत नवी तरुण माणसं यायची थांबतात. उरतात ती म्हातारी. ती आजारी पडतात, सगळ्यांचा मिळून खर्च वाढतो, सगळ्यांचा मिळून हप्ता वाढतो. मग ज्यांना जमतं ते धडधाकट लोक दुसऱ्या कंपनीत पोर्ट करतात आणि मागे आणखी म्हातारी, आणखी आजारी माणसं उरतात. गिरगावातल्या चाळी अशाच रिकाम्या होत गेल्या. मुलं विरार-बदलापूरला गेली, दुरुस्तीचा खर्च राहिलेल्यांच्या डोक्यावर.

सप्टेंबर २०२४ मध्ये सेहेचाळीस हजार पाचशेचे एकदम बासष्ट हजार झाले. तेहेतीस टक्के. मी भरले. ३० जानेवारी २०२५ ला आयआरडीएआयने सांगितलं, की ज्येष्ठ नागरिकांचा हप्ता वर्षाला दहा टक्क्यांहून जास्त वाढवायचा असेल तर कंपनीने आधी आमच्याशी बोलायचं. चांगला नियम. आम्हाला या वर्षी लागूही झाला, म्हणून तर वाढ बरोबर सहा हजार दोनशे आहे, दहा टक्क्यांच्या वर एक रुपया नाही. फक्त ती उडी घेऊन झाल्यावर पट्टी लावली.

नवरा म्हणतो, "तू फक्त चुकलेल्या तारखा मोजतेस." बरोबर आहे त्याचं. २०२१ मध्ये मी नोकरी सोडली आणि कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम त्याच दिवशी संपला. त्रेपन्नाव्या वर्षी, फॉर्मवर शुगर लिहून, स्वतःची पॉलिसी घेतली. शुगरशी संबंधित कशालाही चार वर्षं थांबा, अशी अट. २०२४ मध्ये नियम बदलला, आधीपासूनच्या आजारांसाठी तीन वर्षांहून जास्त थांबवता येणार नाही असा. माझं एक वर्ष वाचलं. ही एक तारीख माझ्या बाजूची. लिहून ठेवते, नाहीतर विसरायला होतं.

*

पैशांचं एवढं लिहिलं, पण मला खरं म्हणजे खोकल्याबद्दल लिहायचं होतं.

या जूनमध्ये आई खोकत होती. आम्ही ऐकला तो थोडासाच, कारण ती खोकला आला की बाथरूममध्ये जायची आणि नळ सोडायची. मुलुंडला पाणी सकाळी येतं तेव्हा बादल्या भरताना नळाचा आवाज असतोच, पण दुपारी तीनला का, हे माझ्या डोक्यात आलं नाही. कामवाल्या ताईंनी सांगितलं, "आजी आत जाऊन खोकतात." विचारलं तर म्हणाली, "घसा धरलाय गं, पावसाची हवा."

चौथ्या दिवशी धाप लागली. न्यूमोनिया. सहा दिवस हॉस्पिटल.

दुसऱ्या दिवशी ऑक्सिजनची नळी नाकात असताना तिने मला जवळ बोलावलं. मला वाटलं पाणी हवंय. ती म्हणाली, "क्लेम केला की हप्ता वाढतो ना गं? आणि क्लेम न केल्याचा बोनसही जातो." मी म्हटलं, "आई, तुझ्या एकटीच्या क्लेमवरून तुझ्या एकटीचा हप्ता वाढवत नाहीत. क्लेम केला म्हणून रिन्यूअलही नाकारता येत नाही, तसा नियम आहे." तिने मान हलवली, जशी ती देवळाबाहेरच्या ज्योतिषाचं ऐकून हलवते. गेल्या सप्टेंबरात मी आणि नवरा बासष्ट हजारांवरून स्वयंपाकघरात बोलत होतो ते तिने ऐकलं होतं. आमचा आवाज चढलाही होता. मी "दर वर्षी एवढे कुठून आणायचे" असं काहीतरी म्हणाले होते. तिच्याबद्दल नव्हतं ते, कंपनीबद्दल होतं. पण स्वयंपाकघर आणि तिची खोली यांच्या मध्ये एक पडदा आहे फक्त.

बाबांनी चारशे रुपये भरले ते कशासाठी? घरात कोणाला बरं नसेल तर डॉक्टरकडे जाताना पाऊल अडू नये म्हणून. सदतीस वर्षांनी त्याच पॉलिसीची आठवण काढून आई बाथरूमचा नळ सोडून खोकते. हप्त्याच्या पावतीवर ही रक्कम कुठे लिहायची, ते मला सुचत नाही.

डिस्चार्जच्या दिवसाचंही सांगते, कारण तोही नियमाचाच किस्सा आहे. २०२४ च्या परिपत्रकानुसार कॅशलेसची पहिली मंजुरी एका तासात आणि डिस्चार्जच्या वेळची अंतिम मंजुरी तीन तासांत द्यायची. उशीर झाला आणि हॉस्पिटलने जादा आकार लावला तर तो कंपनीने सोसायचा. मी हे मोबाइलवर सेव्ह करूनच गेले होते. सकाळी अकराला डॉक्टर म्हणाले, आजी घरी. दोनला मी टीपीए डेस्कवर, म्हणजे विम्याचे कागद बघतात त्या काउंटरवर, गेले आणि तीन तासांचं ऐकवलं. तिथला मुलगा पंचविशीचा असेल, समोर थंड झालेला वडापाव. म्हणाला, "काकू, आमची फाइल गेल्यावर तीन तास. फाइल अजून बिलिंगमध्येच आहे. फार्मसीचं रिटर्न आलं नाही, डिस्चार्ज समरीवर सही नाही." फाइल गेली चार वाजता. मंजुरी आली सहाला दहा कमी असताना. म्हणजे दोन तासांच्या आत! नियम कोणीच मोडला नव्हता. आई साडीत, पिशवी मांडीवर घेऊन, सकाळपासून पलंगाच्या कडेवर बसून होती.

बिल एक लाख चौऱ्याहत्तर हजार, मंजूर एक लाख अठ्ठावन्न. सोळा हजारांत ग्लोव्ह्ज, मास्क, फाइलचे चार्जेस, कसलं कसलं किट. विम्याच्या भाषेत हे नॉन-पेएबल. ग्लोव्ह्ज न घालता सलाइन लावणारी नर्स कोणाला चालेल, हे विचारण्याइतकं त्राण तेव्हा नव्हतं.

*

पॉलिसी सोडून का देत नाहीस, असं बहीण विचारते. तिचा मुद्दा अगदीच सोडून देण्यासारखा नाही. सत्तरीच्या वरच्यांना, उत्पन्न कितीही असो, पाच लाखांचं आयुष्मान वय वंदना कार्ड ऑक्टोबर २०२४ पासून मिळतं. खासगी पॉलिसी असली तरी मिळतं. आईचं काढलंय, आधार कार्डावर अर्ध्या तासात झालं. आईने ते पाकिटात बाबांच्या फोटोमागे ठेवलं. पण रात्री दोनला धाप लागली तर रिक्षाने जिथे दहा मिनिटांत पोचतो ते हॉस्पिटल त्या योजनेत नाही. जी आहेत त्यांची यादी मी फ्रिजवर लावलीय. आणि केईएम, सायन आहेतच. माझा जन्म केईएमचा, तिथल्या डॉक्टरांबद्दल मला शंका नाही. शंका आहे ती एकोणऐंशी वर्षांच्या बाईने तिथल्या रांगेत किती तास उभं राहायचं याची. ट्रस्टच्या हॉस्पिटलांत दहा टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांना निम्म्या दरात द्यायच्या असतात, हायकोर्टाने ठरवून दिलेली योजना आहे ती. पण आमचं उत्पन्न त्या रेषेच्या वर. रेषेच्या वर आहोत, एवढंच.

तर मग ते तेरा दिवस.

मी एजंट काकांच्या मुलाला फोन केला. तो म्हणाला, "ताई, ड्यू डेट बावीसच्या आधीची आहे, मागून भरलंत तरी टॅक्स लागेल असं धरून चाला. आणि खरं सांगू का, टॅक्स गेला तसं कंपन्यांचं इनपुट क्रेडिटही गेलं, म्हणजे त्यांनी खर्चावर भरलेल्या टॅक्सची वजावट. ते कुठून तरी काढतीलच." टोल-फ्रीवर चाळीस मिनिटं गाणं ऐकल्यावर एक मुलगी म्हणाली, "मॅम, पेमेंट बावीसनंतर केलंत तर टॅक्स नाही." दुसऱ्यांदा लावला तर तिसराच म्हणाला, वरून सूचना यायच्या आहेत. नवऱ्याने कागदावर रेघ मारून दोन रकाने केले. एकीकडे बारा हजार दोनशे शहात्तर. दुसऱ्या रकान्यात त्याने काहीच लिहिलं नाही, नुसतं पेन आपटत बसला.

प्राप्तिकरात तेव्हा ८०डी कलमाखाली ज्येष्ठ आईवडिलांच्या हप्त्याचे पन्नास हजारांपर्यंत वजा व्हायचे, पण ते जुन्या कररचनेत. मी नव्या रचनेत आहे. म्हणजे तिकडूनही काही परत यायचं नव्हतं.

मी मनातल्या मनात पैज लावून बघितली. एकोणऐंशी वर्षं तग धरलेल्या बाईला तेरा दिवसांत काय होणार आहे? जूनमध्ये झालं ते चार दिवसांत झालं, हेही आठवलं. मग एका रात्री पडद्यापलीकडून नळाचा आवाज आला आणि मी ताडकन उठून बसले. आई पाय धूत होती. पण त्या आवाजाने एवढी दचकले तेव्हाच लक्षात आलं, की तेरा दिवस मी हेच करणार. तिच्या श्वासाचा हिशेब ठेवणार, बारा हजारांसाठी.

आठ तारखेला, प्रतिपदेच्या श्राद्धाच्या दिवशी, मी ऐंशी हजार चारशे शहात्तर रुपये भरून टाकले.

आईने संध्याकाळी विचारलं, "किती झाले यंदा?"

"वाढवलेच नाहीत. नवा नियम आलाय तुम्हा म्हाताऱ्यांसाठी. बासष्टच."

"बरं झालं," ती म्हणाली. "टॅक्स धरून?"

"धरून."

बावीसला घट बसले. तेवीसच्या सकाळी आई पेपर घेऊन स्वयंपाकघरात आली. पहिल्या पानावर जीएसटीचं होतं, तिने त्या मजकुराखाली पेन्सिलीने रेघ मारली होती. "आपल्याला पुढच्या वर्षी फायदा होईल ना गं?"

"होईल की."

"पुढच्या वर्षी," ती म्हणाली आणि हसली. तीन आठवड्यांपूर्वी गणपती हलवताना हेच शब्द ती मोठ्याने म्हणाली होती. "मग यंदाची पावती छापून दे. फाइलला लावायची राहिलीय."

"प्रिंटरची शाई संपलीय, आई."

तिने चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. प्रिंटर कोपऱ्यात होता आणि आदल्याच दिवशी मी त्यावर सोसायटीची नोटीस छापली होती, ती टेबलावर पडली होती. ती काही बोलली नाही. आत गेली. थोड्या वेळाने पंचचा आवाज आला.

दुपारी ती झोपल्यावर मी फाइल उघडली. शेवटी एक कोरा कागद लावलेला होता, नीट भोकं पाडून. उजव्या कोपऱ्यात पेन्सिलीने २०२५. त्याच्यापुढे रकमेला जागा सोडलेली.